भिंतीवरची हसरी आई

ताई कामावरून घरी येत होती आणि नेहमीप्रमाणे मनातल्या मनात गल्लीला शिव्या घालत होती.

त्यात नवं काही नव्हतं. खालच्या बाजारातून वरच्या रस्त्याला जाणारी ही गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या. एक जेमतेम वीतभर, तर पुढची थेट गुडघ्याला भिडणारी. एखादीचा कोपरा उडालेला, एखादी मधोमध झिजून खोलगट झालेली. एका हाताला एकमेकांच्या अंगावर रेललेली घरं, दुसऱ्या हाताला टेकडी थोपवून धरणारी उंच भिंत, आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी दुचाकी ढकलत न्यायला केलेला सिमेंटचा अरुंद उतार. पिशव्या घेऊन चढताना ताईला दम लागायचा आणि दम लागला की राग यायचा. कुणीतरी खिडकीतून गाणी ठणाणा लावलेली असायची, कुणीतरी कपड्यांचं साबणाचं पाणी खुशाल पायरीवर ओतलेलं असायचं, आणि तिला बघून हमखास कुणीतरी म्हणायचं, "काय ताई, दमलात?" जणू काही ती हवा खायला चढत होती.

ताई एका दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर मान खाली घालून गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा बसवायचा. ती ज्यांचे दात करायची त्यांची तोंडं तिने कधी पाहिलेली नसायची. म्हणून असेल, पण माणसांशी बोलायची तिला फारशी सवय उरली नव्हती, आणि ही गल्ली तर सतत बोलत असायची.

यंदा मात्र तिने मनावर घेतलं होतं. प्रयोगशाळेजवळच सपाट रस्त्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत एक घर भाड्याने मिळत होतं. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून तो घरी आला की जपून शब्द खर्च करायचा. त्यानेही घर बघून "चांगलंय" एवढं म्हटलं होतं, आणि त्याच्या तोंडून एवढं म्हणजे स्तुतिपाठच. रविवारपर्यंत घरमालकाला कळवायचं होतं.

तर ती अशी धापा टाकत मधल्या चौथऱ्यापाशी आली आणि थबकली.

भिंतीला बांबूंची परांची बांधून काही दिवस कसलंसं रंगकाम चाललंय हे तिला माहीत होतं. गल्ल्यांच्या सौंदर्याची कसलीतरी स्पर्धा होती. फुलं-पाखरं काढत असतील म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. आज परांचीवरचा कपडा बाजूला झाला होता. तिला आधी दिसले ते हात. मोठे, तिच्या उंचीएवढे हात. हातांत शिवणाची पिवळी टेप, आणि डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. लहानपणी मशीनच्या चाकात सापडून वाकलेली, ती नेमकी तशीच.

आईचे हात होते ते. ताईच्या पिशव्या आपोआप खाली टेकल्या. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि एवढ्या दिवसांत त्या करंगळीची आठवण तिला एकदाही झाली नव्हती. तिला वाटलं, पुढे होऊन त्या बोटावर तोंड टेकावं. मग तिने मान वर केली.

वर आई हसत होती. साधंसुधं नाही, कानापासून कानापर्यंत. पांढरेशुभ्र, एका रांगेत बसवलेले, एकही फट नसलेले दात काढून, डोळे बारीक करून, गाल फुगवून. आणि तिच्या डोक्यामागे कमान करून मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या गल्लीची आई'.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे का, ते कळायला आई कशी होती ते सांगितलं पाहिजे. ती कपडे शिवायची. गणवेश, पडदे, गाद्यांच्या खोळी, जे येईल ते. नवरा गेल्यावर एक मशीन आणि एक लहान मुलगी घेऊन ती या गल्लीत आली, आणि आली त्या दिवसापासून गल्लीशी भांडायला लागली. गटारावरून भांडली, गाण्यांवरून भांडली, दारात लावलेल्या गाड्यांवरून भांडली. तिला समोर सगळे मावशी म्हणायचे, पाठीमागे कात्री. तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असायच्या आणि त्या न सांडता ती माणसाचा असा पाणउतारा करायची की पुढचे आठ दिवस तो वरच्या रस्त्याने वळसा घालून घरी जायचा. पुढचे दात पडले तेव्हा ताईने स्वतःच्या हाताने तिच्यासाठी कवळी केली. जीव ओतून केली. आईने ती एकदाच घातली आणि काढून ठेवली. "टाचण्या धरता येत नाहीत," म्हणाली. "आणि हसायचंय कुणाकडे बघून इथे?"

गल्लीनेही हिशेब चुकता केला होता. मध्यंतरी कितीतरी महिने कुणी तिच्याकडे शिवायला टाकलं नाही. बाजारातल्या दुकानात न्यायचे आणि मुद्दाम तिच्या दारावरून पिशव्या मिरवत जायचे.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते कठड्यावरून. या पायऱ्यांना धरायला काहीच नव्हतं. भिंतीला एक साधा लोखंडी कठडा लावा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात टेकायला होईल, एवढंच आईचं म्हणणं. त्यासाठी तिने पालिकेचे उंबरठे झिजवले. शेवटी पालिका म्हणाली, गल्लीची हरकत नसेल तर लावू. आणि गल्लीची हरकत निघाली. खालच्या चौथऱ्यावर दुचाक्या दुरुस्त करणारा गॅरेजवाला म्हणाला, कठडा आला तर उतारावरून गाड्या जायच्या नाहीत, हँडल अडकेल. कुणी म्हणालं, कपाटं कशी चढवायची? कोपऱ्यावरचा औषधांचा दुकानदार हा गल्लीच्या समितीचा अध्यक्ष. त्याला सगळे अध्यक्षच म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. तो म्हणाला, लोखंडाने गल्लीचं रूप बिघडेल. समितीच्या बैठकीत हात वर झाले आणि कठडा बारगळला. आई तिथून उठली ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून, "पडाल एकेक. तेव्हा रूप बघत बसा."

पडली तीच. एका दुपारी पडद्यांचं गाठोडं पोचवून परत येताना झिजलेल्या पायरीवरून तिचा पाय सरकला. तिने भिंत धरायचा प्रयत्न केला असणार, कारण दोन्ही तळहात सोलून निघाले होते. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पट्टी बसवली, स्क्रू ठोकले. मग छातीत कफ झाला, आणि रुग्णालयातल्या पडद्यांच्या उसवलेल्या शिवणीला नावं ठेवत ठेवत ती गेली.

आणि आता ती भिंतीवर हसत होती. त्याच भिंतीवर. जिथे पडली तिथून हाताच्या अंतरावर.

"कोण आहे वर?" ताई ओरडली.

परांचीच्या कडेने एक चेहरा डोकावला. दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवणारी पेंटरबाई होती ती. अंगाने भरलेली, डोक्याला फडकं, कानावर ब्रश. "काय झालं?"

"हे दात कुणाचे आहेत?"

"दात?"

"चित्रातले. कुणाचे बसवलेत?"

पेंटरबाईला वाटलं असेल, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. ती सावकाश शिडी उतरून खाली आली आणि हात पुसत म्हणाली, "अध्यक्षसाहेबांच्या मुलीच्या लग्नातला फोटो दिला होता मला. त्यात तोंड उघडं होतं, दात नीटसे दिसत नव्हते. मी म्हटलं, हसतायत, तर बसवूया छान."

ताईला तो फोटो माहीत होता. "ती हसत नव्हती. फोटो काढणाऱ्याला बाजूला हो म्हणून ओरडत होती. तो जेवणाच्या रांगेत घुसला होता."

पेंटरबाईने चित्राकडे बघितलं, मग ताईकडे. तिला आता कुठे दोघींच्या हनुवटीतलं साम्य दिसलं असावं. "तुमच्या कोण या?"

"आई."

"मला म्हणाले, फार प्रेमळ होत्या. गल्लीत कुणाला काही लागलं तर आधी यांच्याकडे यायचे."

"कुणाला काही लागलं तर यायचे, हे खरंय," ताई म्हणाली. "ती सुईदोऱ्याने टाका घालता घालता अशी झाडायची की परत यायची छाती व्हायची नाही." तिला आणखी बोलायचं होतं, पण ती पेंटरबाई तिच्याकडे इतक्या बिचाऱ्या तोंडाने बघायला लागली की ताईने पिशव्या उचलल्या आणि सरळ खाली, अध्यक्षांच्या दुकानाकडे मोर्चा वळवला.

अध्यक्ष काउंटरमागे गोळ्यांची पाकिटं लावत होते. ताईला बघताच त्यांचा चेहरा खुलला. "पाहिलंत? तुम्हाला अचानकच दाखवायचं होतं. रविवारनंतर स्पर्धेचे निरीक्षक येणार आहेत. आम्ही म्हटलं, फुलं-पाखरं सगळेच काढतात. आपण माणूस काढू. आपलं माणूस."

"आपलं?" ताई म्हणाली. "कधीपासून?"

"अहो, म्हणजे काय! भांड्याला भांडं लागतंच, ताई. पण मावशी म्हणजे गल्लीचा प्राण होत्या."

"प्राण गेला त्या पायऱ्यांवर. एक दांडा मागत होती ती, अध्यक्ष. हाताला धरायला एक दांडा. तुम्ही म्हणालात, रूप बिघडेल. आता तिलाच भिंतीवर चढवून रूप आणताय?"

दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका बाईने बाटली हातात धरून ऐकायला सुरुवात केली. अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "ते सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. माझ्या एकट्याचं नव्हतं. आणि आता ते उगाळून काय उपयोग? आम्ही तुमच्या आईचा सन्मान करतोय. हा तुमचाही सन्मान आहे."

"मला नको सन्मान. मला कठडा हवाय."

अध्यक्षांनी हातातलं पाकीट फडताळात सरकवलं. माणूस वाईट नव्हता. आई पडली तेव्हा दुकान उघडं टाकून तोच गाडी आणायला धावला होता, रक्तदाबाची औषधं त्याने कधी उशिरा दिली नव्हती. ताईला हे सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळे ती जास्तच चिडत होती. नुसता नालायक असता तर बरं झालं असतं. एक शिवी घालून मोकळं होता आलं असतं.

मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करू. पेंटरबाईंना सांगतो. चित्रातच कठडा काढू! भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सोनेरी, आणि मावशींचा हात त्याच्यावर. म्हणजे त्यांची इच्छा पूर्ण झाल्यासारखी होईल. निरीक्षकांनाही भावेल ते."

खोकल्याच्या बाटलीवाली बाई म्हणाली, "छान दिसेल."

ताईला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिला कळलं की नाही, बरोबर ऐकलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आई असती तर टाचण्या न सांडता काय बोलली असती ते तिने आठवून पाहिलं, पण ती कला काही वारशात मिळालेली नव्हती. ती तशीच दुकानातून बाहेर पडली.

खालच्या चौथऱ्यावर गॅरेजवाला एका दुचाकीची साखळी काढून बसला होता. दणकट, कोपरापर्यंत काळ्या तेलाने माखलेला, आवाज मात्र अगदी मऊ. आईला पायऱ्यांवरून दोन्ही हातांवर उचलून त्यानेच खाली आणलं होतं. रुग्णालयातही तो रोज यायचा, दाराशी उभा राहायचा, आणि आईने "आलास? गाड्या हलवल्यास का दारातल्या?" असं विचारलं की मान खाली घालून निघून जायचा. आणि कठड्याच्या विरोधात सगळ्यात आधी वर झालेला हात याचाच होता.

"तुम्ही पाहिलंत ते?" ताई त्याच्यासमोर उभी राहिली.

"पाहिलं."

"बरं वाटतंय बघून?"

त्याने पाना खाली ठेवला. "नाही वाटत. ताई, बोला मला काय बोलायचं ते. तुमचा हक्क आहे."

"असं गोड बोलू नका माझ्याशी! तुमच्या गाड्यांसाठी कठडा अडवलात तुम्ही. तेव्हा कुठे गेला होता हा गोडवा? आणि आता हक्क देताय मला? काय करू मी हक्काचं?"

शेजारी उकळून ठेवलेला चहा गॅरेजवाल्याने तिच्याकडे सरकवला आणि तिने तो रागारागाने पिऊन टाकला.

"तुमच्याकडे वेल्डिंगचं मशीन आहे ना?" कप ठेवत ती म्हणाली.

"आहे."

"पाइप?"

"तोही मिळेल." मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने उताराकडे पाहिलं, उतारावर ओळीने टेकवलेल्या गाड्यांकडे पाहिलं. "ताई, तो उतार बंद झाला तर मला प्रत्येक गाडी वरच्या रस्त्याने फिरवून आणावी लागेल. बंद पडलेली गाडी तिथून ढकलत आणायची म्हणजे कंबरडं मोडतं."

"माझ्या आईचा खुबा मोडला."

त्याने डोळ्यांत पाणी वगैरे आणलं नाही, माफीही मागितली नाही. कंबरेला हात लावून एकदा भिंतीचा अंदाज घेतला आणि कुरकुरत म्हणाला, "रविवारी सकाळी करू. हाताशी कुणीतरी लागेल पाइप धरायला."

"आमचे हे येतील," ताई म्हणाली. नवऱ्याला तिने घरी जाऊन सांगितलं, विचारलं नाही. तो म्हणाला, "अगं, पण आपण जाणार ना इथून?"

"जाणार आहोत."

"मग कठडा कुणासाठी?"

"अहो, तुम्ही पाइप धरा फक्त," ती म्हणाली, कारण याचं उत्तर तिलाही येत नव्हतं.

रविवारी सकाळी ड्रिल मशीनचा पहिला आवाज निघाला तशा खिडक्या पटापट उघडल्या. गॅरेजवाल्याने खालून सुरुवात केली होती. भिंतीला भोक, भोकात बोल्ट, बोल्टावर पाइपाचा आधार. खालच्या भिंतीवर पेंटरबाईने वेली काढल्या होत्या, तोवर कुणी फारसं बोललं नाही. नवरा पाइप खांद्यावर घेऊन एकेक पायरी वर सरकत होता. पण मशीन जसं आईच्या चित्रापाशी आलं, तसा अध्यक्षांचा आवाज घुमला.

"थांबा! थांबा म्हणतो ना! काय चाललंय काय हे?"

ते घरातल्या कपड्यांवरच पळत आले होते. त्यांच्यामागे समितीचे आणखी दोघेतिघे, त्यांच्यामागे निम्मी गल्ली. "अहो, परवा निरीक्षक येणार! एवढं सुंदर चित्र... पालिकेला विचारलंत?"

"पालिकेची हरकत नव्हती," ताई म्हणाली. "हरकत तुमची होती."

"पण समिती आहे ना! विचारायला काय झालं होतं? अशी मनमानी करायची म्हणजे..." ते गॅरेजवाल्याकडे वळले. "आणि तू? तुझंच म्हणणं होतं ना उतार हवा म्हणून? तू कसा काय यांच्या नादी लागलास?"

गॅरेजवाला म्हणाला, "वळसा घालून नेईन गाड्या." आणि मशीनची कळ दाबली.

"अरे, चित्राला भोकं पडतील! मावशींच्या हाताला भोक पडेल!"

तेव्हा ताईचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत या गल्लीने तिचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. तिचा तिनेही ऐकला नव्हता.

"पडू दे भोक! रंगाच्या हाताची काळजी वाटतेय तुम्हाला? माझ्या आईच्या हाडात स्क्रू ठोकले, खऱ्या हाडात! भुलीतून बाहेर आल्यावर ती कशी विव्हळत होती ते मी ऐकलंय. तेव्हा तुमच्यापैकी कुणी आलं नाही धावत, थांबा, भोक पडेल म्हणायला! जिवंतपणी तिच्याशी बोलला नाहीत तुम्ही. तिच्याकडचं काम काढून घेतलंत. ती ज्यासाठी भांडली ते एकमताने हाणून पाडलंत. आणि मेल्यावर तिला दात बसवून हसायला लावता? आई म्हणता? तुमची कुणाची आई नव्हती ती! माझी होती! आणि ती तुम्हाला बघून एकदाही हसली नव्हती!"

ताईला माहीत होतं, आपण सगळं खरं बोललो नाही. धावत आलेले होते. उचलून नेणारे होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आई रुग्णालयात असताना तिचं घर झाडून ठेवलं होतं, आणि त्या काकू या क्षणी समोर उभं राहून पदराने नाही तर सरळ हाताच्या पंजाने डोळे पुसत होत्या. पण राग एकदा सुटला की तो काही माणसं निवडत बसत नाही, आणि खरं सांगायचं तर ताईला त्या घडीला निवडायचीही नव्हती.

अध्यक्षांना काहीतरी बोलणं भाग होतं म्हणून ते म्हणाले, "निदान हात सोडून जरा खालून घ्या."

"खालून घेतला तर धरायला वाकावं लागेल," गॅरेजवाला म्हणाला. त्याने पेंटरबाईकडे पाहिलं. ती आपल्या रंगाच्या डब्यावर बसून हे सगळं बघत होती. तिचीच मेहनत होती ती, तिने आरडाओरडा केला असता तर कुणी तिला दोष दिला नसता. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि मनगटाच्या जरा खाली खडूने फुली मारली.

"इथे ठोका," ती म्हणाली. "रंग मी भरून घेईन."

दुपार कलायच्या आत कठडा वरपर्यंत लागला. दिसायला तो काही सुंदर झाला नाही. पाइप दोन ठिकाणी जोडलेले, एका वळणावर सांधा जरा फुगलेला, आणि सगळ्यावर वेल्डिंगचे काळे डाग. पेंटरबाईने त्याच दिवशी कुणाला न विचारता आईचं तोंडही बदलायला घेतलं. दात पुसले, ओठ मिटवले. पण मिटलेले ओठ काही जमेनात. एकदा केले तर ती कुणी ओळखीची नसलेली शिक्षिका वाटायला लागली, दुसऱ्यांदा केले तर थेट अध्यक्षांच्या थोरल्या बहिणीसारखी. शेवटी ताईच म्हणाली, "राहू द्या. आईसारखी नाही, पण निदान चिडलेली तरी दिसतेय." कमानीतली अक्षरं मात्र तिने समोर उभं राहून पुसायला लावली.

निरीक्षक आले, बघून गेले, आणि बक्षीस दुसऱ्याच कुठल्या तरी गल्लीला मिळालं. तिथे म्हणे कारंजं होतं. अध्यक्ष बरेच दिवस ताईशी बोलले नाहीत. तिच्या नवऱ्याला औषध देताना मात्र "ताईंना सांगा, गोळी जेवणानंतर घ्यायची," असा निरोप द्यायचे. काही घरांतून ताईवर उघड नाराजी होती. एका बाईने तर तोंडावर सांगितलं की आईची कात्री गेली आणि लेकीची सुरी आली. ताईला याचं वाईट वाटलं, आणि नंतर घरी आल्यावर थोडं बरंही वाटलं.

त्या रविवारीच संध्याकाळी नवऱ्याने फोन हातात घेऊन विचारलं होतं, "काय सांगू घरमालकाला?"

ताई पाय पसरून जमिनीवर बसली होती. खांदे दुखत होते, घसा बसला होता. तिने त्या दुसऱ्या घराचा विचार केला. सपाट रस्ता. लिफ्ट. शेजारी कोण राहतं हे कुणाला माहीत नसलेली इमारत. किती शांत होतं तिथे. तिथल्या पायऱ्यांना कठडा आधीपासूनच होता, कुणीतरी न भांडता लावलेला. तिथे पडलं तर कुणी उचलायला येईल की नाही, हा प्रश्न मनात आला आणि तिने तो झटकला. कारण असल्या प्रश्नांमुळेच माणसं आयुष्यभर अशा गल्ल्यांमध्ये अडकून पडतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"नको म्हणून सांगा," ती म्हणाली.

"नको?"

"नको म्हटलं ना! किती वेळा विचारता?"

नवऱ्याने फोन लावला. ती स्वतःवरच इतकी संतापली होती की उठून विनाकारण भांडी आपटायला लागली. एवढं भांडून, एवढा घसा फोडून, शेवटी राहायचं इथेच. या पायऱ्यांवर. या लोकांत. इथे राहायला आवडतं असं तिला कुणी म्हणायला लावलं असतं तर तिने जीभ चावली असती.

खालून हाका ऐकू यायला लागल्या. तिने खिडकीतून वाकून पाहिलं. गॅरेजवाला रंगाचे दोन-तीन जुने डबे घेऊन कठड्यापाशी उभा होता, आणि त्याच्याभोवती सात-आठ माणसं जमून तावातावाने बोलत होती. वरच्या काकूंना हिरवा हवा होता. कुणी म्हणत होतं, विटकरी द्या, मळ दिसत नाही. अध्यक्ष बाजूला हाताची घडी घालून उभे होते, कुणाशीच बोलत नसल्यासारखे, पण मधूनच "सोनेरी" असं म्हणत होते.

"ताई!" काकूंनी वर बघून हाक मारली. "खाली ये गं, हे काहीतरी भलतंच करतायत!"

ताईने भांडं तिथेच ठेवलं, चपला पायात सरकवल्या आणि ती खाली निघाली. हे लोक शोधून शोधून सगळ्यात भिकार रंग निवडणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.